‘तिचं रक्तच कडक आहे’ म्हणतात, त्याबद्दल

परवा फोनवर तू विचारलंस तेव्हा माझ्या आजूबाजूला माणसं होती, म्हणून ‘भेटल्यावर बोलू’ म्हटलं. आता दोघीच आहोत, तर सगळं नीट सांगते. तुझ्या मैत्रिणीचा नवरा एचआयव्ही पॉझिटिव्ह निघाला त्याला आता बरीच वर्षं झाली. तिची तपासणी मात्र दर वेळी निगेटिव्ह आली. मग तिच्या सासूनं आणि गल्लीतल्या बायकांनी ठरवूनच टाकलं की हिचं रक्त कडक आहे, हिला हे दुखणं लागायचंच नाही. लोक काहीतरी बोलणारच. पण या बोलण्याच्या भरवशावर तिनं तपासणीला जाणं सोडलं, निरोधही सोडला, असं तू म्हणालीस तेव्हा माझ्या पोटात गोळा आला बघ.

सासूचं बोलणं सगळंच खोटं असतं तर मला एवढी काळजी वाटली नसती. ते थोडं खरं आहे, आणि त्या थोड्या खऱ्यावरच माणूस विसंबून राहतो. काही माणसांच्या शरीराला हा विषाणू खरोखरच सहजासहजी धरत नाही. काहींना लागण होते, पण औषध न घेताही ती वर्षानुवर्षं धडधाकट राहतात. यामागं जनुकं असतात, आईबापांकडून आलेली. हे मी ऐकीव सांगत नाही, यावर तीस-चाळीस वर्षं जगभर काम झालं आहे, आणि आपल्या पुण्या-मुंबईतही झालं आहे.

आधी अमेरिकेतल्या एका माणसाचं ऐक. स्टीफन क्रोन नावाचा न्यूयॉर्कचा चित्रकार होता. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचा जोडीदार एड्सनं गेला, मग एकेक करत कितीतरी मित्र गेले. ज्या संबंधांतून त्यांना लागण झाली तसेच संबंध यालाही होते, पण याला काही झालं नाही. तो आपण होऊन संशोधकांकडे गेला आणि म्हणाला, माझ्यात काय वेगळं आहे ते शोधा. त्यांनी त्याच्या रक्तातल्या पेशी घेतल्या, त्यांच्यावर विषाणू सोडला, पुन्हा सोडला, पण विषाणू आत जाईना. उत्तर १९९६ साली मिळालं. हा विषाणू पेशीत शिरताना तिच्या पृष्ठभागावरच्या दोन प्रथिनांना धरतो. एक सीडी-४, दुसरं सीसीआर-५. क्रोनकडे हे दुसरं प्रथिन बनवणाऱ्या जनुकातली ३२ अक्षरं गळालेली होती, आणि तीही आईकडून आलेल्या व बापाकडून आलेल्या अशा दोन्ही प्रतींमध्ये. त्यामुळे ते प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर येतच नव्हतं. विषाणूला धरायलाच काही नाही म्हटल्यावर तो आत कसा जाणार?

याच शोधावरून पुढं बर्लिनमध्ये टिमोथी ब्राउनचं प्रकरण घडलं. त्याला एचआयव्ही होता आणि वर रक्ताचा कॅन्सर झाला. डॉक्टर गेरो ह्यूटर यांनी २००७ साली त्याच्या अस्थिमज्जेच्या रोपणासाठी मुद्दाम असा दाता शोधला, ज्याच्या दोन्ही प्रतींतली ती ३२ अक्षरं गळालेली होती. ब्राउनच्या शरीरातून विषाणू गेला. तो २०२० साली वारला तोही कॅन्सर उलटल्यामुळे, एचआयव्हीमुळे नाही. पण असलं रोपण जिवावरचं असतं. कॅन्सरमुळे ते करावंच लागणार असेल तेव्हाच असा विचार होतो, नुसत्या एचआयव्हीसाठी कुणी करत नाही.

आता सासूबाईंसाठी महत्त्वाचं. हा गुण उत्तर युरोपातल्या लोकांत साधारण शंभरात एकाला दोन्हीकडून मिळतो. आपल्याकडे, भारतात, तो जवळजवळ सापडतच नाही. म्हणजे आपल्या कबनूरच्या एखाद्या बाईच्या अंगात तो असेल, असं धरून चालण्यात काही अर्थ नाही. आणि ज्यांच्याकडे तो आहे तेही पूर्ण सुरक्षित नसतात. या विषाणूचे काही प्रकार सीसीआर-५ सोडून दुसऱ्याच प्रथिनाला धरतात, आणि अशा लोकांनाही लागण झाल्याची थोडी उदाहरणं नोंदलेली आहेत.

‘मग आपल्या माणसांच्यात काहीच नाही का?’ असं तू विचारणार. आहे गं. आणि तो भाग मला जास्त मोलाचा वाटतो.

सहाव्या गुणसूत्रावर एचएलए नावाच्या जनुकांचा एक गट असतो. त्यांनी बनवलेली प्रथिनं शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीवर असतात. पेशीच्या आत जी काही प्रथिनं तयार होतात, त्यांचे बारीक तुकडे घेऊन ती बाहेर दाखवत राहतात. मारेकरी टी-पेशी हिंडत हिंडत ते तुकडे तपासतात. आपल्याकडे मागावरून उतरलेलं कापड मेंडिंगच्या बायका जसं हातानं आणि डोळ्यांनी तपासतात, तसंच. तुकडा आपलाच असला तर टी-पेशी पुढं जाते, परक्या विषाणूचा दिसला तर ती पेशीच मारून टाकते. पण कापडाचा कुठला भाग समोर धरला यावर चूक सापडणं अवलंबून असतं की नाही? इथं प्रत्येकाचं एचएलए विषाणूचा वेगवेगळा तुकडा समोर धरतं. बी-५७ नावाचं एचएलए विषाणूच्या कवचाच्या प्रथिनातला असा तुकडा धरतं की तो बदलायचा म्हटलं तर विषाणूची स्वतःचीच वीण बिघडते. लपायचं असेल तर त्याला स्वतःला अधू करून घ्यावं लागतं. त्यामुळे बी-५७ असलेल्यांपैकी काहीजण औषधाशिवायही विषाणूला दाबून ठेवतात. बी-२७चंही असंच. हे बी-२७ नाव तू ऐकलं असशील, पाठ आणि कंबर आखडत असली की डॉक्टर तीच तपासणी लिहून देतात. एका आजारात जे अंगावर येतं ते दुसऱ्यात सांभाळून घेतं. उलट बी-३५चे काही प्रकार असे आहेत की ते असले तर आजार भराभर पुढं जातो.

२०१० साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. औषध न घेता विषाणू आटोक्यात ठेवणारी सुमारे हजार माणसं एका बाजूला, आणि ज्यांचा आजार वाढत गेला अशी त्याहून जास्त दुसऱ्या बाजूला. त्यांची सगळी जनुकं धुंडाळली तर फरकाच्या तीनशेहून जास्त जागा सापडल्या, आणि त्या सगळ्या या एकाच सहाव्या गुणसूत्रावर, एचएलएच्या भागात. मुंबईत केईएमच्या आवारात इम्युनोहिमॅटोलॉजीची राष्ट्रीय संस्था आहे, तिथंही आपल्याकडच्या रुग्णांच्या एचएलएवर काम झालं आहे. ते व्हायलाच हवं होतं, कारण आपल्याकडचे एचएलए वेगळे आणि आपल्याकडचा विषाणूही वेगळा. भारतात बहुतेक करून सी नावाचा उपप्रकार आहे, युरोप-अमेरिकेत बी. तिकडचं उत्तर इकडं जसंच्या तसं लावता येत नाही.

हे एचएलए येतं कसं, ते ऐक. एक संच आईकडून, एक बापाकडून. तू आणि मी सख्ख्या बहिणी, तरी आपल्या दोघींचे दोन्ही संच तंतोतंत जुळण्याची शक्यता चारांत एक. म्हणजे एका घरात, एका ताटात जेवून वाढलेल्या दोघी, पण हा विषाणू आपल्या अंगात आला तर तो दोघींत वेगवेगळा वागण्याची शक्यताच जास्त. आणखी एक. आईकडचा आणि बापाकडचा संच जितका वेगळा, तितके विषाणूचे जास्त तुकडे पकडले जातात. दोन्हीकडून सारखेच मिळाले तर आजार लवकर वाढतो, हे १९९९ साली दिसून आलं. आपल्या भागात मामाची मुलगी, आत्याचा मुलगा ही लग्नं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. जवळच्या नात्यात लग्न झालं की मुलाला दोन्हीकडून एकच संच मिळण्याची शक्यता वाढते. हे मी कुणाच्या घरादाराला नावं ठेवायला सांगत नाही. पण तुझ्या लग्नाचं बोलणं चाललंय म्हणून तुझ्या कानावर घातलं.

आता जे मला मनापासून सांगायचंय ते सांगते. आपण लहान होतो तेव्हाची कुजबुज आठवते तुला? एकाच शेडमध्ये माग चालवणारे दोघे, दोघांनाही हाच आजार. एक दोन-तीन वर्षांत खंगून गेला. दुसरा त्यानंतरही कितीतरी वर्षं पाळीला येत राहिला. लोक काय म्हणायचे? पहिल्याची पापं भरली होती, दुसऱ्याच्या बायकोची पुण्याई. पहिल्याची बायको मरेपर्यंत ते ऐकत राहिली. आणि खरं काय? औषध नसताना लागणीपासून एड्सपर्यंत सरासरी दहाएक वर्षं जातात, पण कुणाला दोन लागतात, कुणाला वीस. या अंतरामागं जी कारणं आहेत त्यांत आईच्या पोटात असतानाच मिळालेली ही जनुकं आहेत. त्यात पाप नाही, पुण्य नाही, चारित्र्य नाही. त्या बाईला हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर तिच्या शेवटच्या वर्षांतलं निदान एक ओझं उतरलं असतं. म्हणून मला वाटतं हे शास्त्र फक्त डॉक्टरांपाशी राहू नये, ते आपल्या गल्लीत बोललं जावं.

पण जनुक म्हणजे कवचकुंडलं नव्हेत. बी-५७ असलेले बहुसंख्य लोकही औषधाशिवाय राहू शकत नाहीत. औषधाविना विषाणूला पूर्ण दाबून ठेवणारे शंभरात एकही भरत नाहीत. आणि केनियातल्या नैरोबीच्या बायकांचं ऐकलंस तर तुझ्या मैत्रिणीला उद्याच्या उद्या घेऊन जाशील. तिथं पुमवानी भागात १९८०च्या दशकापासून देहविक्रय करणाऱ्या बायकांचा अभ्यास चालला. कॅनडाचे फ्रँक प्लमर आणि नैरोबीचे डॉक्टर मिळून तो करत होते. आजूबाजूच्या बहुतेकींना लागण होत असताना काहीजणी वर्षानुवर्षं निगेटिव्ह राहिल्या. त्यांच्यात काही विशिष्ट एचएलए जास्त आढळले, विषाणूला ओळखणाऱ्या टी-पेशीही सापडल्या. सगळ्या जगाला वाटलं, या बायकांना लागणार नाही. आणि मग त्यांच्यातल्याही काहींना लागण झाली, ती बऱ्याचदा मध्ये काही काळ धंदा थांबवून पुन्हा सुरू केल्यावर. इतकी वर्षं जे अंगात टिकलं होतं ते ओसरलं. पाच-सात वर्षं निगेटिव्ह आले म्हणजे पुढंही येणार, या हिशेबाची त्या बायकांनी फार मोठी किंमत मोजली.

मग तुझी मैत्रीण आजवर निगेटिव्ह कशी? बहुतेक दोन साध्या कारणांनी. एक म्हणजे योग. पुरुषाकडून बाईला एका संबंधातून लागण होण्याची शक्यता सरासरी हजारात एकाच्या आसपास असते. जखम असली, दुसरा गुप्तरोग असला, नवऱ्याच्या रक्तात विषाणू फार असला तर ती कितीतरी वाढते. एकदा, दहादा काही झालं नाही म्हणजे होणार नाही असं नसतं. दुसरं आणि मोठं कारण म्हणजे तिचा नवरा रोज गोळी घेतो. तिला वाचवणारं काही असेल तर ते बहुतेक नवऱ्याच्या पोटात जाणारं औषध आहे. गल्ली मात्र त्याचं श्रेय तिच्या रक्ताला देतेय.

याचा पुरावा मिळवण्यात आपल्या पुण्याचा वाटा आहे, आणि ते सांगताना मला अभिमान वाटतो. भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था १९९२ साली सुरू झाली. एक पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह अशा १७६३ जोडप्यांचा नऊ देशांत अभ्यास झाला, त्यात पुणे आणि चेन्नईची जोडपीही होती. २०११ साली निकाल आला की पॉझिटिव्ह जोडीदाराला लवकर औषध सुरू केलं तर दुसऱ्याला लागण होणं ९६ टक्क्यांनी कमी होतं. पुढं हेही कळलं की औषधानं विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर संबंधांतून तो जात नाही. स्टीफन क्रोनला जन्मानं जे मिळालं होतं, ते आज एका गोळीमुळे कबनूरच्या बाईला मिळू शकतं. पण गोळी रोज गेली पाहिजे. नवरा दिवाळीत गावाला गेला, गोळ्या संपल्या, रात्रपाळीत चुकल्या, तर विषाणू पुन्हा वर येतो, आणि तो वर आलाय हे तिला बाहेरून बघून कळत नाही.

चेन्नईवरून आठवलं. भारतात हा विषाणू १९८६ साली तिथंच पहिल्यांदा सापडला. ते काम ज्यांच्या देखरेखीखाली झालं त्या डॉक्टर सुनीती सॉलोमन माहेरच्या गायतोंडे, मद्रासला स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. लोक पेशंटला हातही लावत नव्हते तेव्हा त्यांनी १९९३ साली वडिलांच्या नावानं संस्था काढून उपचार केले. आणि आपल्या शेजारी सांगलीत १९९२ पासून मीना शेषूंच्या ‘संग्राम’मधून बायकांनी बायकांना निरोध वाटले. त्यातूनच १९९६ साली देहविक्रय करणाऱ्या बायकांची स्वतःची ‘वॅम्प’ ही संघटना उभी राहिली. सरकारी दवाखान्यातून फुकट औषध मिळायला २००४चा एप्रिल उजाडावा लागला. त्याआधी या भागातल्या पुष्कळ बायका कुठल्या जनुकानं नाही, त्या निरोधानं वाचल्या.

आता मैत्रिणीबद्दल. तिला ओरडू नकोस. निरोध तिनं नुसत्या सासूच्या बोलण्यावरून सोडला नसेल, असं मला वाटतं. तिला मूल हवं आहे का, हे एकदा तिला एकटीला गाठून विचार. आपल्याकडे लग्नाला एवढी वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही तर बाईला उंबऱ्याबाहेर पडणं नको होतं. कबनूरच्या उरसाला माहेरवाशिणी लेकरं घेऊन येतात तेव्हा ती घरात बसते, असं तूच मागं म्हणाली होतीस. मूल हवं असेल तर रस्ता आहे. नवऱ्याचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते, तपासतात. ही औषधं जिथं मिळतात त्या सरकारी एआरटी केंद्रात ती तपासणी फुकट होते. तो निदान सहा महिने सापडणार नाही इतका खाली राहिलेला असला, तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं नेहमीसारखा दिवस राहण्याचा प्रयत्न करता येतो, आणि लागली तर तिलाही बचावाची गोळी देता येते. पण आंधळेपणानं नको. गरोदरपणात किंवा अंगावर पाजताना तिला नव्यानं लागण झाली, तर त्या दिवसांत तिच्या रक्तात विषाणू फार असतो आणि बाळाला धोका वाढतो. तपासणी न करता हे तिला कळणारच नाही.

कुणी म्हणेल, बाळाचं जनुकच बदलून घ्यावं. चीनमध्ये २०१८ साली एका संशोधकानं तसं केलं होतं, जुळ्या मुलींच्या गर्भातलं हेच सीसीआर-५ बदललं. जगभर निषेध झाला आणि त्याला तुरुंगात जावं लागलं. त्या मुलींचा बाप पॉझिटिव्ह होता आणि त्याच्यापासून मुलींना वाचवायला कितीतरी साधे उपाय हाताशी होते. मला तर त्या मुलींची काळजी वाटते.

जनुक तपासून मिळालं तर हवंय, असंही ती म्हणेल. त्याची गरज नाही. इतकं मात्र ध्यानात ठेव, अबॅकाविर नावाचं एक औषध आहे. बी-५७चा एक उपप्रकार असलेल्यांना त्यानं जिवावर बेतणारी रिअ‍ॅक्शन येऊ शकते आणि हा उपप्रकार आपल्या देशात दुर्मिळ नाही. ते औषध लिहून दिलं तर आधी ही तपासणी झाली का, एवढं विचारायचं. विषाणूपासून जपणारं तेच जनुक इथं घात करतं.

ती घाबरेल ते लोकांना कळेल म्हणून. तर तिला सांग, २०१७चा कायदा आहे, २०१८च्या सप्टेंबरपासून लागू झाला. तिच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, निकाल कुणाला सांगता येत नाही, आणि आजाराच्या कारणावरून तिला राहत्या घरातून काढता येत नाही. आयजीएम रुग्णालयात जायला तिला संकोच वाटत असेल, कारण इचलकरंजीत निम्मं गाव ओळखीचं, तर कोल्हापूरला सीपीआर रुग्णालयात जाऊ. आधी नुसतं बोलायचं असलं तर १०९७ वर फोन लावता येतो, पैसे पडत नाहीत. तपासणी एकदा करून भागत नाही. नुकतीच लागण झालेली असली तर पहिल्या काही आठवड्यांत ती कागदावर येतही नाही, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा, आणि पुढं साधारण दर सहा महिन्यांनी. आणि नवऱ्याच्या गोळ्या चुकलेल्या असताना निरोध नसेल तर बहात्तर तासांच्या आत दवाखाना गाठायचा. आधीच घेण्याचं औषध असतं, तसं नंतर घेण्याचंही असतं, पण ते या मुदतीतच सुरू व्हावं लागतं आणि अठ्ठावीस दिवस चालतं.

सासूशी मी बोलेन. त्यांना खोटं पाडायचं नाही. सुनेचं रक्त चांगलं आहे असं त्यांना वाटतं, त्यात मायाच आहे. मी म्हणेन, चांगलं आहे तर ते तसंच राहू दे, म्हणून तर तपासायचं. तू मैत्रिणीला एवढंच सांग, नवऱ्याचा एआरटीचा हिरवा-पिवळा जो काय कागद असेल तो आणि शेवटच्या व्हायरल लोडचा रिपोर्ट शोधून ठेव. माग बंद असतो त्या दिवशी नवऱ्यालाही घेऊन या. एकटी आली तर अर्धंच काम होईल. एसटीनं जायचं की माझ्या स्कूटरवरून ते तुम्ही दोघी ठरवा, मी सकाळी मोकळी आहे.